जुनं इंजिन, कंट्रोल-लाइन विमान: जोडी जुळवताना या चुका टाळा

कंट्रोल-लाइन म्हणजे हातातल्या हँडलला बांधलेल्या तारांवर आपल्याभोवती गोल फिरवत उडवायचं मॉडेल विमान. त्यासाठीचं जुनं फॉक्स ३५ स्टंट इंजिन हातात आलं की पहिला प्रश्न ठरलेला: "हे किती मोठ्या विमानाला चालेल?" इथेच गाडी घसरते. ३५ हा आकडा फक्त सिलिंडरचं घनफळ सांगतो, ०.३५ घनइंच म्हणजे साधारण ५.७ सीसी. इंजिन किती फेऱ्यांवर जोर धरतं, त्याचं वजन किती, ते कोणतं इंधन मागतं, यातलं काहीच त्या आकड्यात नाही. आणि विमान जुळवायचं ते या तीन गोष्टींशी.

आकडा बघून विमान निवडणं

ही सगळ्यात महागडी चूक आहे, आणि दर हंगामात मैदानावर तिची तीच गोष्ट घडते. कुणीतरी दीड मीटर पंखाचं, १६०० ग्रॅमचं देखणं स्टंट, म्हणजे कसरतींचं, विमान बांधतं. नकाशावर '३५ ते ४६' लिहिलेलं असतं, म्हणून पुढे जुनं फॉक्स बसवलं जातं. जमिनीवर इंजिन छान वाजतं. हवेत मात्र विमान रेंगाळतं. मग उतरवून नीडल, म्हणजे इंधनाचं प्रमाण ठरवणारा स्क्रू, दोन खटके आत; इंधन कमी. थोडा वेग येतो, म्हणून आणखी दोन. तिसऱ्या उड्डाणात डोक्यावरून जाताना तारा सैल पडतात, बेलक्रँकला (तारांची ओढ शेपटीपर्यंत पोचवणाऱ्या विमानातल्या तरफेला) ताण उरत नाही, आणि विमान नाकावर आपटतं. विमान दुरुस्त होतं. पण कमी इंधनावर तापलेल्या पिस्टनचं कॉम्प्रेशन गेलेलं असतं, ते परत येत नाही.

दोष नीडलचा नव्हता. १९४० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत आलेलं हे इंजिन हलक्या विमानांसाठी आहे. जॉर्ज ऑल्ड्रिचने आखलेलं नोब्लर विमान घ्या: पंख ५० इंच, क्षेत्रफळ सुमारे ५५० चौरस इंच, वजन ११०० ते १२५० ग्रॅम. फॉक्सची मर्यादा इथेच संपते. स्टर्लिंग कंपनीच्या किटमुळे घरोघरी पोचलेलं ४२ इंची रिंगमास्टर ७०० ते ८५० ग्रॅममध्ये होतं, आणि शिकणाऱ्याने तिथूनच सुरुवात करावी. आधी नोब्लरच बांधायचं म्हणणाऱ्यांची घाई मला कळते, पटत मात्र नाही.

या इंजिनाची खुबी त्याच्या चालीत आहे. सपाट उड्डाणात ते जास्त इंधनावर, एक फेरा सोडून पेट घेत, जड आवाजात चालतं. नाक वर गेलं की भार वाढतो, मिश्रण पातळ होतं आणि ते प्रत्येक फेऱ्याला पेटू लागतं. सपाट आलं की पुन्हा जड आवाज. ही अदलाबदल हवी असेल तर १०×६ चा (व्यास १० इंच, पिच ६ इंच) लाकडी प्रॉपेलर लावा, जमिनीवर मिनिटाला ८५०० ते ९००० फेरे ठेवा आणि तारा १८ मीटरच्या, ०.०१५ इंच जाडीच्या घ्या. विमानाची एक फेरी पाच ते साडेपाच सेकंदांत झाली की हात लावू नका.

याच्या उलट चूकही होते. मॅकॉय ६० सारखं शर्यतीचं इंजिन स्टंट विमानाला लावतात. त्याचा जोर वरच्या फेऱ्यांवर असतो, त्यामुळे खाली ते अडखळतं आणि वर सुटलं की आवरत नाही. ते वेगाच्या विमानालाच द्या.

रेडिओ-कंट्रोलचं तयार इंधन ओतणं

जुन्या इंजिनांचा जीव सर्वाधिक याच चुकीने जातो. तयार बाटलीत बहुधा १८ टक्के तेल असतं, तेही सिंथेटिक. लोखंडी पिस्टन, पोलादी स्लीव्ह (सिलिंडरचं अस्तर) आणि बॉल बेअरिंगऐवजी साधं बुश असलेल्या इंजिनाला ते पुरत नाही. इंजिन तापलं की सिंथेटिक तेल जळून जातं. एरंडेल तेल धातूला चिकटून राहतं. फॉक्सला २८ टक्के तेल द्या आणि त्यातलं जवळपास निम्मं तरी एरंडेल असू द्या. १८ टक्क्यांच्या एक लिटर इंधनात १४० मिली एरंडेल मिसळलं की बरोबर २८ टक्के होतं. स्वतः मिसळत असाल तर मिथेनॉल ६७, एरंडेल २८, नायट्रोमिथेन ५. एरंडेल शुद्ध, सुगंध न घातलेलं घ्या. मिथेनॉल विषारी आहे आणि त्याची ज्योत उन्हात दिसत नाही, म्हणून हातमोजे घाला आणि मोकळ्या हवेत मिसळा.

कॉक्सच्या चिमुकल्या ०.०४९ घनइंची इंजिनाचं गणित वेगळं. त्याला १५ ते २५ टक्के नायट्रो लागतं आणि २० टक्के तेल चालतं. फॉक्सचं इंधन घातलं तर ते सुरूच नीट होत नाही, आणि लोक इंजिनाला नावं ठेवतात.

जाम झालेलं इंजिन पकडीने फिरवणं

करू नका. आत बहुधा फक्त सुकलेलं एरंडेल असतं. हीट गनने सिलिंडर तापवा, पातळ तेलाचे चार थेंब सोडा, थांबा, मग प्रॉपेलर हाताने हलवून बघा. नाही हललं तर पुन्हा तापवा. जोर लावला की कनेक्टिंग रॉड वाकतो.

तोल शेवटी बघणं

बिनसायलेन्सरचं फॉक्स सुमारे १८५ ग्रॅम भरतं. सायलेन्सरसकट नवं ४६ इंजिन जवळपास दुप्पट किंवा त्याहूनही जास्त. नव्या इंजिनासाठी आखलेल्या विमानावर जुनं चढवलं तर शेपूट जड होते, आणि असं विमान नवख्याच्या हाती टिकत नाही. कागदावर बसवण्याआधी इंजिन, टाकी आणि प्रॉपेलर एकत्र तोला.

बाकीच्या चुका थोडक्यात.

इंजिनाखालच्या दोन लाकडी पट्ट्या एका पातळीत नसतील तर मऊ क्रँककेस पिळवटतो. बोल्ट आवळल्यावर शाफ्ट जड फिरला तर समजा, पट्टी घासायची आहे. सागवान वापरलंत तर आधी ॲसिटोनने पुसा, तेलकट लाकडावर इपॉक्सी धरत नाही. पट्टी हलली की टाकीत फेस होतो आणि इंजिन मध्येच चढतं.

उलट्या उड्डाणात फेरी जलद होत असेल तर टाकी वर बसली आहे. दीड मिलिमीटर खाली घ्या. संथ होत असेल तर तेवढीच वर.

लांब ग्लो प्लग (इंधन पेटवणारा तापता प्लग) पिस्टनच्या बॅफलला, म्हणजे माथ्यावरच्या उंचवट्याला, लागू शकतो. बसवल्यावर आधी हाताने एक पूर्ण फेरा.

जुन्या डिझेल इंजिनाला इलेक्ट्रिक स्टार्टर लावू नका. एनसीसीच्या एअर विंगमध्ये डिझेलवर हात बसलेल्यांना हे ठाऊक असतं: इंधन साचलं तर कॉम्प्रेशन सैल करून बोटानेच फिरवायचं.

उडवण्याआधी हँडलपासून विमानापर्यंत वजनाच्या दहापट ओढून बघा, म्हणजे १.२ किलोच्या विमानाला १२ किलो. आणि विजेच्या तारा जवळपास असतील तर त्या मैदानात हँडल हातात घेऊच नका.