गिटार पेडलला अ‍ॅडॅप्टर लावताना या चुका टाळा

पिन बसली म्हणजे अ‍ॅडॅप्टर चालणार, या समजापायी गिटारचा आवाज बदलणारी चांगली चांगली पेडल्स जळतात. गणपतीत तर हमखास. कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एखाद्या मंडळाचा कार्यक्रम तासावर आलेला, गिटारवाल्याचा अ‍ॅडॅप्टर घरी राहिलेला, आणि कुणीतरी अगदी मनापासून म्हणतो, "भावा, आमच्या राउटरचा आणू काय? पिन सेमच हाय."

पिन खरंच सेम असते. पण राउटरच्या अ‍ॅडॅप्टरला बहुतेक वेळा मधली बाजू प्लस असते, आणि बॉस, आयबानेझ, एमएक्सआर या कंपन्यांच्या नेहमीच्या ९ व्होल्टच्या पेडल्सना मधे मायनस लागतो. या उलट्या पद्धतीला कारण आहे. पेडलच्या सॉकेटमध्ये बाहेरच्या पत्तीला एक स्विच असतो. पिन आत गेली की तो बॅटरीचा प्लस तोडतो, म्हणून प्लस बाहेर ठेवलेला. अ‍ॅडॅप्टरवर वर्तुळाचं छोटं चित्र असतं. मधल्या ठिपक्याची रेघ वजा चिन्हाकडे जाते का, एवढं बघा. चित्र पुसलं असेल तर मल्टिमीटरची लाल वायर पिनच्या भोकात आणि काळी बाहेरच्या कड्याला लावा. आकड्याआधी वजा चिन्ह आलं तर तो अ‍ॅडॅप्टर सेंटर निगेटिव्ह.

दुसरी चूक एलिमिनेटरची. ३ ते १२ व्होल्टचा सरकता खटका असलेला तो जड डबा अजूनही बऱ्याच घरांत आहे. खटका ९ वर ठेवा आणि काहीही न जोडता मीटर लावा: १२-१३ व्होल्ट सहज दिसतात. आत ट्रान्सफॉर्मर, डायोड आणि एक कपॅसिटर, बस्स, व्होल्ट स्थिर ठेवणारा रेग्युलेटर नाही. लोड, म्हणजे ओढला जाणारा करंट, जितका कमी तितके व्होल्ट जास्त, आणि आवाजाला खरखर देणारा ओव्हरड्राइव्ह तर जेमतेम ५ ते २० मिलीअँपिअर घेतो. शिवाय ५० हर्ट्झच्या विजेची १०० हर्ट्झची गुणगुण थेट आवाजात उतरते आणि त्याहून जास्त खरखर देणारं डिस्टॉर्शन ती आणखी फुगवतं. रेग्युलेटेड अ‍ॅडॅप्टरवर चार पैसे जास्त गेले तरी द्या, असं माझं ठाम मत आहे.

याला एक अपवाद आहे. बॉसच्या जुन्या पेडलवर एसीए अ‍ॅडॅप्टर वापरा असं लिहिलेलं असेल, तर ते पेडल अशाच जास्त व्होल्टसाठी बनवलेलं आहे. त्याला एकट्याला रेग्युलेटेड ९ व्होल्ट दिले की दिवा मंद लागतो. पेडल बिघडलं समजून लगेच खोलू नका.

मिलीअँपिअरबद्दल मात्र उगाच भीती आहे. "पेडलला १०० लागतात, अ‍ॅडॅप्टर १००० चा आहे, जळेल ना?" नाही जळणार. व्होल्ट जुळले पाहिजेत. करंट पेडल हवा तेवढाच ओढतं. नुकसान करंट कमी पडल्यावर होतं. स्ट्रायमन कंपनीच्या बिगस्काय पेडलला ३०० मिलीअँपिअर लागतात. १०० च्या आउटपुटवर ते धड सुरूच होणार नाही. डिजिटल डिले (प्रतिध्वनी देणारं पेडल) मधेच रीस्टार्ट होत असेल तर आधी हा हिशेब तपासा.

१८ व्होल्टचं वेड जपून करा. पेडलवर ९ ते १८ असं छापलं असेल तरच द्या. हेडरूम, म्हणजे आवाज फाटण्याआधीची मोकळीक, वाढतो, आवाज जरा मोकळा होतो. छापलं नसेल तर आत १६ व्होल्टचे कपॅसिटर असू शकतात. चार्ज पंपाची (आतल्या आत व्होल्ट वाढवणारी किंवा उलटे करणारी) चिप असेल तर ती १२ व्होल्टलाही जळू शकते. आणि लाइन सिक्सच्या जुन्या डीएल-फोरसारख्या पेडल्सना ९ व्होल्टच, पण एसी लागतो. तो अ‍ॅडॅप्टर चुकूनही शेजारच्या डीसी पेडलला लावू नका. दोघांवर रंगीत टेप लावून ठेवा.

एकाच अ‍ॅडॅप्टरवर डेझी चेन (एका तारेला अनेक पिना) करून चार-पाच अ‍ॅनालॉग पेडल्स आरामात चालतात. त्यात डिजिटल डिले आला की बारीक शिट्टी सुरू होते, कारण त्याच्या क्लॉकचा (चिपला ताल देणाऱ्या सर्किटचा) आवाज सामायिक तारेतून ओव्हरड्राइव्हमध्ये शिरतो. त्याला आयसोलेटेड, म्हणजे बाकीच्यांपासून तोडलेलं वेगळं आउटपुट द्या. जर्मेनियमच्या पीएनपी ट्रान्झिस्टरवरचा पॉझिटिव्ह ग्राउंड फझ (जाड, खरखरीत आवाजाचं पेडल) तर चेनमध्ये लावूच नका: त्याच्या बॉडीला प्लस असतो, बाकीच्यांच्या मायनस, आणि गिटारची केबल दोन्ही बॉडी जोडून सरळ शॉर्ट करते.

स्टेजवर गुणगुण आली की जनरेटरला दोष देण्याआधी पेडलमध्ये ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी घाला आणि अ‍ॅडॅप्टर काढा. आवाज थांबला तर दोष सप्लायचा. तसाच राहिला तर केबल आणि अर्थिंग बघा.

आणि उलटी पिन लागून पेडल मेलंच असेल, तर लगेच भंगारात काढू नका. बऱ्याच पेडल्समध्ये सॉकेटजवळ १एन४००१ सारखा एक डायोड (एकाच दिशेने वीज जाऊ देणारा भाग) सप्लायला आडवा बसवलेला असतो. उलटी वीज तो स्वतःवर घेतो आणि कधी कधी कायमचा शॉर्ट होतो. मीटर कंटिन्युइटीवर (जोड असला की बीप देणाऱ्या खटक्यावर) ठेवून दोन्ही दिशांनी तपासा. दोन्हीकडे बीप आला तर त्याचं एक टोक सोल्डरमधून सुटं करून पुन्हा बघा. सुटा केल्यावरही बीप येत असेल तर तो गेला. नवा काही रुपयांत मिळतो. बसवताना पट्टीची बाजू जुन्यासारखीच ठेवा, आणि पहिल्यांदा चालू करताना अ‍ॅडॅप्टर नको, बॅटरी लावा.