कंबोईच्या चिखलातले छोटे मासे कसे ओळखाल

बडोद्याहून कावी-कंबोईला जाताना भरती-ओहोटीचं वेळापत्रक बरोबर ठेवाच. खंभातच्या आखातात पाणी फार झपाट्याने चढतं.

आधी जिवंत माशाचा, ओल्या हाताने पट्टीशेजारी ठेवून, पर पसरलेला फोटो घ्या. नंतर रंग उडतात. मग मासा उलटा करा. पोटाचे दोन्ही पर जुळून वाटीसारखे झाले असतील, तर बहुधा गोबी या माशांचा गोतावळा. पाठीवर एकच लांब पर, अंगावर खवले नाहीत आणि पोटाचे पर छातीच्या परांच्याही पुढे, तर ब्लेनी, हा माशांचा दुसरा गट.

खरी गंमत निवट्यांत, म्हणजे चिखलावर सरपटणाऱ्या गोबींत (मडस्किपर). त्यांच्या तीन प्रजाती अशा ओळखा. अंगावर निळे ठिपके, खालचे दात जवळजवळ आडवे: बोलिओफ्थाल्मस. दात उभे: पेरिओफ्थाल्मस. पाठीचा पहिला पर झेंड्याच्या काठीसारखा उंच असेल, तर स्कार्टेलाओस. पण तो पर बऱ्याचदा मोडलेला असतो, म्हणून खालच्या जबड्याखालच्या बारीक मिशा भिंगाने बघा. बोलिओफ्थाल्मसला त्या नसतात. नुसत्या रंगावर विसंबलात तर पिल्लांच्या बाबतीत हमखास फसाल.

परांतले कडक काटे आणि मऊ किरणं (पर ताणून धरणाऱ्या लवचीक काड्या) वेगवेगळी मोजा. शेवटचं किरण बुडाशी दुभंगलेलं दिसलं तरी एकच धरा. लांबी मोजताना शेपटीचा पर सोडून द्या.

नमुना लागलाच तर तो टिकवायला बाजारी फॉर्मलिन 1 भाग, पाणी 9 भाग, चिमूटभर बोरॅक्स (टाकणखार). बोरॅक्स विसरलात तर आम्लाने हाडं मऊ पडतात. आठवड्याने धुऊन 70 टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा. चिठ्ठी बाटलीच्या आत, पेन्सिलीनेच लिहिलेली, शाई विरघळते.