उपकेंद्रातील मॉर्फिन आणि ट्रॅमाडॉल : चिठ्ठीविना काय देता येते आणि कुठे थांबावे

तोंडाच्या कर्करोगाचा किंवा सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या तीव्र वेदनांनी तळमळणारा रुग्ण विदर्भातील एखाद्या उपकेंद्राच्या दारात येतो, तेव्हा समोर बहुतेकदा डॉक्टर नसून एएनएम (सहायक परिचारिका प्रसाविका) किंवा समुदाय आरोग्य अधिकारी असतात. डॉक्टरांच्या चिठ्ठीविना आपण कोणते औषध देऊ शकतो, हे त्यांना आधीच ठाऊक असले पाहिजे, कारण अपरात्री नियम शोधत बसायला वेळ नसतो.

औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, 1945 यांच्या अनुसूची 'के'मध्ये एक उपयुक्त सवलत आहे. शासनाच्या आरोग्य व कुटुंबकल्याण कार्यक्रमांतर्गत बहुउद्देशीय कर्मचारी, परिचारिका, एएनएम आणि अंगणवाडी सेविका जी औषधे पुरवतात, त्यांसाठी विक्री परवाना लागत नाही. ओआरएस, पॅरासिटामॉल, लोहाच्या गोळ्या याच वाटेने गावात पोहोचतात. गर्भवतीला झटके आल्यास मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस देऊन तिला पुढे पाठवण्याची मुभाही प्रशिक्षित एएनएमला शासकीय मार्गदर्शक सूचनांनी दिली आहे. मात्र ही सवलत विक्री परवान्यापुरतीच आहे. अमली औषधे व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ यांवर नियंत्रण ठेवणारा एनडीपीएस कायदा, 1985 हा वेगळा कायदा असून त्याच्या कक्षेतील औषधांचे दार ती उघडत नाही.

मॉर्फिन आणि फेंटानिल ही तीव्र वेदनाशामके त्या कायद्यात येतात हे बहुतेकांना माहीत असते. डायझेपाम, अल्प्राझोलाम ही चिंता व झोपेची औषधे आणि 2018 पासून वेदनाशामक ट्रॅमाडॉलही त्यात आहे, हे मात्र अनेकदा लक्षात राहत नाही. ट्रॅमाडॉल ही 'साधी दुखीची गोळी' समजून चिठ्ठीविना देणे कायद्याला धरून नाही, मग हेतू कितीही चांगला असो.

दूरध्वनी किंवा ई-संजीवनी या शासकीय दूरस्थ सल्ला सेवेवरून डॉक्टरांकडून चिठ्ठी घ्यावी, हा उपाय सहज सुचतो. पण 2020 च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनुसार एनडीपीएस कायद्यातील आणि 1945 च्या नियमांतील कडक नियंत्रणाच्या अनुसूची 'एक्स'मधील औषधे दूरस्थ सल्ल्यातून लिहून देण्यास मनाई आहे. दुर्गम गावांसाठी ही अट फार जाचक आहे असे मला वाटते, तरीही ती पाळावीच लागते.

म्हणून खरी तयारी वेदना उसळण्यापूर्वी करावी. आपल्या गावातील कर्करोगाचे आणि वारंवार वेदना होणारे सिकलसेलचे रुग्ण आपल्याला ठाऊक असतात. वैद्यकीय अधिकारी भेटीला येतील त्या दिवशी या रुग्णांना प्रत्यक्ष तपासून घ्यावे आणि औषध, मात्रा, वेळ तसेच वेदना वाढल्यास द्यायचा जादा डोस असे सर्व रुग्णाच्या नावाने लेखी घ्यावे. डायझेपाम, ट्रॅमाडॉल यांसारख्या औषधांच्या एका वेळी 100 मात्रांपर्यंत, आणि दीर्घकालीन वापरासाठी डॉक्टरांनी तसे स्पष्ट लिहिले असल्यास 300 मात्रांपर्यंत साठा रुग्णाला स्वतःसाठी बाळगता येतो. मॉर्फिन मात्र चिठ्ठीत लिहिले असेल तेवढेच जवळ ठेवता येते. चिठ्ठी औषधासोबतच ठेवण्यास घरच्यांना बजावून सांगावे.

मॉर्फिनचा साठा रुग्णालयातच असावा असे वाटत असेल, तर एनडीपीएस कायद्याच्या 2014 च्या दुरुस्तीने ती वाट बरीच सोपी केली आहे. पूर्वी अनेक परवाने गोळा करावे लागत असल्याने रुग्णालये मॉर्फिन ठेवणेच टाळत असत. आता मॉर्फिनसह सहा औषधे 'आवश्यक' गटात असून, राज्य औषध नियंत्रकांनी, म्हणजे आपल्याकडे अन्न व औषध प्रशासनाने, मान्यता दिलेल्या वैद्यकीय संस्थेला ती ठेवता व देता येतात. त्यासाठी वेदनाशमनाचे प्रशिक्षण घेतलेला डॉक्टर संस्थेत असावा लागतो. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयाने ही मान्यता घ्यावी, असा आग्रह वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे जरूर धरावा.

साठा कुलपात ठेवावा आणि आवक, वाटप व शिल्लक यांची नोंद रोजच्या रोज करावी. ही नोंदवही शेवटच्या नोंदीनंतर दोन वर्षे जपावी लागते. रुग्ण दगावल्यावर घरात उरलेल्या गोळ्या, शेजारी त्याच आजाराचा रुग्ण असला तरी, त्याला देऊ नयेत, कारण त्या बाळगण्याची परवानगी एकाच नावावर होती. त्या ज्या संस्थेतून आल्या तिथे लेखी पोचपावती घेऊन परत कराव्यात.