झिरोडर्मा पिग्मेंटोसम: घर, कपडे आणि तपासण्या कशा सांभाळाव्यात

झिरोडर्मा पिग्मेंटोसम (थोडक्यात एक्सपी) असलेल्यांच्या पेशींना अतिनील किरणांनी डीएनएची केलेली मोडतोड नीट दुरुस्त करता येत नाही. जेम्स क्लीव्हर या शास्त्रज्ञाने १९६८ मध्ये हे दाखवून दिलं. इजा साठत जाते, आणि कर्करोग लहान वयातच गाठतो. अमेरिकेतल्या रुग्णांच्या दीर्घ पाठपुराव्यात ज्यांना मेलॅनोमा (रंगपेशींचा कर्करोग) सोडून दुसरा त्वचेचा कर्करोग झाला, त्यांच्यापैकी निम्म्यांना तो वयाच्या नवव्या वर्षापर्यंतच झाला होता.

फसगत होते ती इथे: जवळपास निम्म्या मुलांची त्वचा उन्हाने भाजत नाही. दोन वर्षांच्या आत चेहऱ्यावर भरपूर वांगासारखे ठिपके येतात, एवढंच. त्वचा लाल झाली नाही म्हणजे काही झालं नाही, असं या मुलांच्या बाबतीत कधीच धरू नये.

आधी मीटर

अतिनील किरण दिसत नाहीत आणि त्यांची ऊबही जाणवत नाही. त्यामुळे ढगाळ दिवस, सावली, थंडी हे सगळे अंदाज कुचकामी. हातात धरायचा यूव्ही (अतिनील) मीटर घ्या, पण तो यूव्हीए आणि यूव्हीबी हे अतिनील किरणांचे दोन्ही प्रकार मोजणारा, म्हणजे ४०० नॅनोमीटरपर्यंतचा हवा. फोनवरचा यूव्ही इंडेक्स हवामानाचा अंदाज सांगतो, तुमच्या खोलीतलं काही सांगत नाही.

मोजताना सेन्सर मुलाच्या चेहऱ्याच्या उंचीवर धरा. आधी प्रकाशाच्या दिशेला, मग बाजूला, मग जमिनीकडे. पांढरी भिंत, वाळू आणि बर्फ किरण परतवतात. खोली भर दुपारी मोजा आणि ऋतू बदलला की पुन्हा मोजा, कारण ऊन वेगळ्या कोनातून आत येतं. शून्य दिसलं तरी लगेच विश्वास ठेवू नका. बॅटरी संपलेलं मीटरही शून्यच दाखवतं. घरातल्या निरोगी मोठ्या माणसाने ते उन्हात नेऊन आकडा चढतो का, ते बघावं.

खिडक्या आणि दिवे

साधी काच यूव्हीबी बऱ्यापैकी अडवते, यूव्हीए मात्र भरपूर आत सोडते. गाडीतही तेच. पुढची काच दोन थरांची असल्याने बहुतेक यूव्हीए थांबतो. बाजूच्या काचा साध्या असतात, म्हणून मूल तिथूनच उघडं पडतं. सगळ्या काचांना यूव्ही अडवणारी पारदर्शक फिल्म लावून घ्या. गळती सहसा कडेला होते, कारण बसवणारा कारागीर फिल्म आणि चौकटीमध्ये एक-दोन मिलिमीटर जागा सोडतो. ती फट अपारदर्शक पट्टीने झाका. फिल्म जुनी झाली की ताकद कमी होते, तेव्हा दर काही महिन्यांनी मीटर लावा. फिल्म लावलेली खिडकी उघडली की तिचा उपयोग संपला, हे पाहुण्यांनाही सांगून ठेवावं लागतं. दाराशी जाड पडदे दोन ओळींत, मध्ये माणूस उभा राहील इतकं अंतर ठेवून लावले, तर ये-जा करताना झोत आत येत नाही.

दिव्यांत साधे पांढरे एलईडी चालतात. हॅलोजन, ट्यूब, सीएफएल आणि मैदानावरचे मोठे मेटल हॅलाइड दिवे मोजल्याशिवाय नकोत. कीटक मारायचे निळे दिवे, नेलपॉलिश वाळवायचे दिवे आणि जंतुनाशक दिवे तर नकोतच.

बाहेर पडताना

दाट विणीचे लांब बाह्यांचे कपडे, हातमोजे, मोजे, आणि चेहऱ्यावर यूव्ही अडवणारी पारदर्शक ढाल, मागे मानेपर्यंत कापड असलेली. कपडा उजेडासमोर धरल्यावर पलीकडचं दिसत असेल तर तो पुरेसा नाही. ओला किंवा ताणलेला कपडाही किरण जास्त सोडतो. ढालीच्या आत वाफ धरते आणि मूल ढाल उचलतं. म्हणून हवा खेळेल अशी, पण हनुवटीखाली फट न राहणारी ढाल निवडा.

सनस्क्रीन हा दुसरा पहारा, पहिला नव्हे. एसपीएफ ५० किंवा अधिक आणि यूव्हीएचंही संरक्षण असलेलं घ्या. मात्रा अशी: तर्जनी आणि मधलं बोट, दोन्ही पूर्ण लांबीभर भरतील इतकं डोकं, चेहरा आणि मानेला. लोक साधारण याच्या अर्धंच लावतात, आणि संरक्षण त्या प्रमाणात उतरतं. दर दोन तासांनी, तसंच घाम आल्यावर वा तोंड धुतल्यावर पुन्हा लावा. कानाच्या पाळ्या, मान, भांग, आणि हात धुतल्यावर हाताची मागची बाजू हमखास सुटते. ओठांना वेगळा एसपीएफ बाम लावा.

डोळ्यांना बाजूंनीही झाकणारा यूव्ही चष्मा लागतो. कोरडे पडत असतील तर डॉक्टरांनी दिलेले थेंब घालत राहायचे, नाहीतर पारपटल, म्हणजे डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा, गढूळ होतं.

त्वचा बघणं

घरी महिन्यातून एकदा, एलईडीच्या चांगल्या उजेडात, ठरलेल्या क्रमाने: भांग पाडत टाळू, कानामागे, पापण्यांची कड, नाकपुड्यांच्या बाजू, ओठ, जिभेचं टोक, मान, पाठ, बोटांच्या बेचक्या. जिभेचं टोक बहुतेक जण विसरतात. तिथेही कर्करोग होतो. सगळी त्वचाच ठिपक्यांनी भरलेली असल्यामुळे तीळ ओळखण्याचे नेहमीचे नियम इथे तोकडे पडतात. बाकीच्यांपेक्षा वेगळा दिसणारा डाग शोधा: मोत्यासारखी चमकणारी गाठ, खपली निघाली की पुन्हा धरणारा खरखरीत चट्टा, तीन-चार आठवड्यांत न भरणारी जखम. शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढा, दरवेळी त्याच उजेडात. शंका आली तर पुढच्या भेटीची वाट न बघता कळवा. त्वचारोगतज्ज्ञांकडे साधारण दर तीन महिन्यांनी जायचं. डोळे, कान आणि मज्जासंस्था यांची तपासणीही ठरलेली हवी, कारण सुमारे चौथ्या हिश्शाच्या रुग्णांत चेतापेशी हळूहळू खराब होतात आणि ऐकू कमी येणं हे त्यातलं लवकरचं लक्षण आहे.

ऊन पूर्ण बंद म्हणजे ड जीवनसत्त्व कमी पडणारच. रक्त तपासून डॉक्टर ठरवतील ती मात्रा द्या. भावंडांची जनुकीय चाचणी लक्षणांची वाट न बघता करून घ्या. आईवडील दोघेही वाहक (स्वतः आजारी नसले तरी सदोष जनुक बाळगणारे) असल्याने प्रत्येक बाळाला हा आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. आणि तपासण्यांच्या फाईलच्या पहिल्याच पानावर टाळायची दोन औषधं ठळक लिहून ठेवा: व्होरिकोनॅझोल हे बुरशीविरोधी औषध, कारण ते उन्हाची इजा वाढवतं, आणि सिस्प्लॅटिन हे कर्करोगावरचं औषध, कारण ते डीएनएवरच घाव घालतं आणि एक्सपीत त्याचा जीवघेणा त्रास होऊ शकतो. तातडीच्या दवाखान्यात नवा डॉक्टर ते पान आधी बघेल.