पाणी दिलेल्या पोलादाला भोक पाडताना या चुका टाळा

प्रीमियर पद्मिनीचे उत्पादन २००० च्या सुमारास थांबले. आज तिचा एखादा भाग आपल्या हातून बिघडला, तर पुण्यात नाना पेठेतली दुकाने पालथी घालावी लागतात किंवा मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात नशीब अजमावावे लागते. म्हणून अशा गाडीच्या पाणी दिलेल्या, म्हणजे तापवून-थंडावून कडक केलेल्या भागाला ड्रिल लावण्याआधी धातूची परीक्षा करावी, असे मी आग्रहाने सांगतो.

ही परीक्षा न करणे हीच सर्वांत महागात पडणारी चूक आहे. भागाच्या कडेवर कानस फिरवून पाहावी. तिने सहज कीस काढला तर हाय-स्पीड स्टीलचा साधा ड्रिल (मशिनमध्ये बसवायचे भोक पाडणारे टोक) पुरतो. गाडीच्या मागच्या पाट्यांवर (लीफ स्प्रिंगवर) धरते तशी जेमतेम धरली तर कोबाल्टचा, १३५ अंशांच्या टोकाचा ड्रिल घ्यावा. आणि काचेवरून सरकावी तशी घसरली तर कार्बाइडला पर्याय नाही. मात्र कार्बाइड ठिसूळ असतो आणि हातातल्या मशिनवर हमखास तुटतो, त्यामुळे ते काम पिलर ड्रिलवर, म्हणजे खांबावर बसवलेल्या ड्रिल मशिनवर, भाग घट्ट आवळूनच करावे.

दुसरी चूक वेगाची आहे आणि ती जवळजवळ प्रत्येक जण करतो. पाट्याच्या पोलादात ६ मिलिमीटरचे भोक पाडताना मिनिटाला ३०० ते ४०० फेरे पुरेसे असतात, पण हातातले मशिन पूर्ण दाबले की त्याच्या कितीतरी पट फिरते. मग ड्रिल कापत नाही, नुसता घासतो. कर्कश किंचाळी येते, कीस थांबतो आणि भोकाचा तळ आरशासारखा चकाकू लागतो. तेवढ्यात थांबावे. ड्रिलच्या धारेचे बाहेरचे कोपरे गोल झालेले दिसतील. त्याला पुन्हा धार लावावी, कटिंग ऑइल सोडावे आणि कीस अखंड निघत राहील इतका ठाम दाब द्यावा. तापलेला ड्रिल पाण्यात बुडवू नये, त्याला तडे जातात.

गॅसने लाल करून भाग मऊ करण्याचा सल्ला अनेकदा मिळतो. पाटे आणि स्टिअरिंगचे भाग यांच्या बाबतीत तो धोक्याचा आहे, कारण पाणी उतरलेला, म्हणजे कडकपणा गेलेला पाटा भाराखाली बसतो आणि स्टिअरिंगचा भाग चालत्या गाडीत दगा देऊ शकतो.

इंजिनच्या हेडमध्ये तुटलेला स्टड (आटे असलेली बिनडोक्याची खीळ) काढताना मी स्वतः घाईने एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे तुटका स्टड उलटा फिरवून काढायचे हत्यार, पिळला आणि तो आतच मोडला. एक्स्ट्रॅक्टर स्टडपेक्षा खूपच कडक असल्याने कोबाल्टचा ड्रिल त्यावरून नुसता घसरत राहिला. अखेर हेड उतरवून भोसरीतल्या एका टूलरूममध्ये नेले. तिथे विजेच्या ठिणग्यांनी धातू झिजवणाऱ्या स्पार्क इरोजन मशिनने मोडलेला तुकडा जाळून काढला आणि आटे शाबूत राहिले. आता मी आधी स्टडवर नट वेल्ड करून पाहतो, तो गरम असतानाच हलके मागे-पुढे फिरवतो आणि त्यानेही काम झाले नाही तरच डाव्या आट्याचा, म्हणजे उलटा फिरवून कापणारा ड्रिल हाती घेतो.