आकडा वाढला म्हणजे कण चिकटलेच असं नाही

अॅल्युमिनियमची गोल पावडर बारीक करायची, पण चपटी होऊ द्यायची नाही, असं माझं काम होतं. प्लॅनेटरी मिल (जार गरागरा फिरवून आतल्या गोळ्यांनी पावडर ठोकणारं यंत्र), स्टीलच्या गोळ्या, गोळ्या आणि पावडरचं वजन १०:१, जारमध्ये हवेऐवजी आर्गॉन हा निष्क्रिय वायू. इथवर तुम्हालाही ठाऊक असेल.

दोन तासांनी कणांचा आकार मोजणाऱ्या लेझर मशीनवर पाहिलं, तर सरासरी आकार २० मायक्रॉनवरून ४० च्या घरात! मला वाटलं, कण एकमेकांना चिकटताहेत. म्हणून कण चिकटू नयेत यासाठी घातलेलं स्टिअरिक अॅसिड १ टक्क्यावरून ३ वर नेलं. आकडा आणखी चढला. यात तीन आठवडे गेले.

इथे नीट लक्ष द्या. लेझर मशीन प्रत्येक कण गोल आहे असं धरूनच हिशेब करतं. २० मायक्रॉनचा गोळा ठोकून १ मायक्रॉन जाडीचा केला, तर त्याची चकती सुमारे ७३ मायक्रॉन रुंद होते. एकही कण दुसऱ्याला चिकटला नाही, तरी आकडा वाढतो. स्टिअरिक अॅसिड कणांवर थर धरून त्यांना चिकटू देत नाही, त्यामुळे ते नुसते लाटले जातात. मी जो उपाय समजत होतो, तोच पावडर चपटी करत होता. कण चिकटणं आणि तुटणं यांचा तोल साधला, की ते पुन्हा जाडसर होतात. म्हणजे थोडं चिकटणं मला हवंच होतं.

सेममध्येही (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपमध्ये) फसलो. कार्बन टेपवर चकत्या आडव्या पडतात आणि वरून गोलच दिसतात. पावडर रेझिनमध्ये बसवून पॉलिश केल्यावर आडव्या छेदात काड्या दिसल्या, तेव्हा पोटात गोळा आला. साधा मापाचा कप भरून वजन केलं असतं, तरी पहिल्याच दिवशी कळलं असतं: चपटी पावडर फुगून बसते, कप हलका भरतो.

रिसर्च पेपरमधला आरपीएम (मिलचे मिनिटाला फेरे) तसाच उचलू नका. मिल बदलली की आघात बदलतो. "रात्रभर चालू ठेव, होईल" म्हणणाऱ्या सीनियरपेक्षा दर अर्ध्या तासाला चिमूटभर नमुना काढायला लावणारा सीनियर धरा.

पावडर बिघडली तर घाबरू नका, पुन्हा करता येते. जारच्या बाबतीत मात्र हयगय नको. अॅल्युमिनियमच्या ताज्या चकत्या हवेत पेट घेऊ शकतात. जार पूर्ण गार होऊ द्या, आर्गॉनमध्येच उघडा आणि हवा हळूहळू आत सोडा.