घोंगडी घेऊन बर्फात निघालात? आधी या चुका टाळा

दर हिवाळ्यात कुणीतरी नवखा मला हेच ऐकवतो, "पूर्वीचे मेंढपाळ एका घोंगडीवर बर्फात काढायचे, मग आपल्याला एवढं सामान कशाला?" घोंगडी मलाही जिवापाड आवडते. पण अर्धवट ऐकून डोंगर चढणाऱ्यांची मला खरोखर काळजी वाटते.

पहिली चूक समजाची. ते मेंढपाळ बर्फात राहायचे, हेच मुळात चुकीचं. युरोपातलं उदाहरण घ्या. फ्रान्समध्ये पिरेनीजच्या डोंगरात माँतायू नावाचं गाव आहे, साधारण १,३०० मीटर उंचीवर. पामिएचे बिशप जाक फूर्निए यांनी १३१८ ते १३२५ या काळात धर्मद्रोहाच्या संशयावरून त्या भागातल्या लोकांच्या जबान्या घेतल्या, त्या आजही शाबूत आहेत. त्यांत पिएर मोरी हा मेंढपाळ भेटतो. उन्हाळ्यात त्याचा कळप उंच खिंडींजवळच्या कुरणांत असे. हिवाळा आला की तो पार दक्षिणेला, आजच्या स्पेनमधल्या कॅटलोनियाकडच्या उबदार भागात उतरे. स्पेनमधल्याच कॅस्टिल राज्यात तर राजा दहावा अल्फोन्सो याने १२७३ साली मेंढपाळांच्या 'मेस्ता' या संघाला सनद दिली होती. कळपांच्या वाटा राखून ठेवलेल्या असत. म्हणजे थंडीवरचा त्यांचा पहिला उपाय वेळेत खाली येणं हाच होता.

हे मला हिमाचलमधल्या धौलाधार डोंगररांगेत नीट कळलं. ऑक्टोबरची अखेर होती, आम्ही सात जण इंद्रहार खिंडीकडे निघालो होतो. त्रिउंडच्या वर गद्दी या तिथल्या मेंढपाळ जमातीतले एक म्हातारे मेंढ्या घेऊन उतरताना भेटले. कमरेला लोकरीचा जाड दोर गुंडाळलेला, चोळ्याच्या, म्हणजे लोकरी अंगरख्याच्या, ओच्यात कोकरू. म्हणाले, "बेटा, ऊपर मत जाओ, मौसम बिगड़ेगा." आमच्यातल्या एकाला खिंडीतला फोटो हवाच होता, आणि मी त्याला अडवलं नाही. रात्री लाहेशच्या गुहेत होतो तेव्हा बर्फ सुरू झालं. त्याची जीन्स भिजून फळीसारखी कडक झाली. पहाटे पायाची बोटं जाणवेनात, तेव्हा मी ती माझ्या पोटाशी धरून तासभर बसलो. बोटं वाचली. तेव्हापासून कळप खाली येताना दिसला की मी मागे फिरतो, खिंड अर्ध्या तासावर असली तरी.

दुसरी चूक धुण्याची. एका पोराने आजोबांची घोंगडी गरम पाण्यात, पावडर टाकून, मशीनमध्ये फिरवली. बाहेर आली ती आकसून घट्ट झालेली, जेमतेम गुडघ्यापर्यंत पुरेल एवढी. सनगराने मागावर विणलेलं ते काम एका दुपारी गेलं. लोकरीला मेंढीच्या अंगचा चिकट मेणचटपणा असतो, त्यामुळे पाणी लगेच आत शिरत नाही. पावडरने तोच निघून जातो. मी घोंगडी झटकतो, उन्हात टाकतो, आणि फारच मळली तर थंड पाण्यातून नुसती काढतो. वास येतो म्हणणाऱ्यांनी थोडा सहन करावा.

आत सुती कपडा घालू नका. घामाने भिजला की वरची घोंगडी कितीही जाड असो, अंग गार पडतं.

उघड्या जमिनीवर झोपू नका. खाली वाळलं गवत किंवा मॅट हवीच.

तंबूत शेगडी पेटवून कधीच झोपू नका. विषारी वायूने माणूस झोपेतच जातो.

दारूने ऊब येते असं वाटतं, पण अंगातली ऊब उलट बाहेर जाते. त्यापेक्षा गूळ-शेंगदाणे खा. मोरी आणि त्याचे साथीदार पाव, दूध आणि चीज यांवर असत.

आणि एकट्याने जाऊ नका. पिरेनीजमधले मेंढपाळ कुरणावरच्या झोपडीत टोळीने राहत, कामं वाटून घेत. माझ्या तुकडीत मी रात्री दोनदा प्रत्येकाला हाक मारतो आणि पायाची बोटं हलवायला लावतो. उत्तर आल्याशिवाय मी पुढच्याकडे जात नाही.